तिसऱ्या खांबावरचे नाव

स्वित्झर्लंडमधल्या शियोंच्या किल्ल्याच्या तळघरात मी तिसऱ्या खांबासमोर उभी होते, तेव्हा पाठीमागून मराठी ऐकू आले. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आईला विचारत होता, "यानं नाव कोरलं तर त्याला काच लावून ठेवलीय. मग रायगडावर मी नुसता खडू बाहेर काढला तर मला धपाटा का घातलास?" त्या दगडी कमानींखाली आवाज घुमतो, त्यामुळे 'धपाटा' हा शब्द तळघराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आला. आईने आधी आजूबाजूला पाहिले आणि मग दबक्या आवाजात सांगितले, "हळू बोल. अरे, तो फार मोठा कवी होता." मुलगा क्षणभर गप्प राहिला, पण त्याला ते पटलेले नव्हते. "पण तो मोठा आहे हे भिंतीला कुठं माहीत होतं?" एवढे विचारून होईपर्यंत आईने त्याला दंडाला धरून पुढच्या दालनात नेले आणि मी तिथेच राहिले. परदेशात मराठी कानांवर पडले की 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न आपल्या तोंडून आपोआप निघतो. त्या दिवशी तो निघाला नाही. त्या मुलाने मागे वळून मलाच उत्तर विचारले तर काय सांगायचे, या धास्तीने मी खांबाकडे तोंड करून उभी राहिले होते.

माझा मुलगा जिनिव्हा सरोवराच्या काठच्या लोझानला नोकरी करतो, म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही दोघे तिकडे गेलो होतो. ह्यांच्या गुडघ्यांनी आल्या आल्या संप पुकारला. मुलगा आणि सून सकाळी आठला घराबाहेर पडत, आणि मग दिवसभर मी आणि सरोवर एकमेकांकडे पाहत बसत असू. अखेर एका बुधवारी सुनेने तिकीट काढून दिले, मोबाइलमध्ये परतीच्या बोटीची वेळ टाकून दिली आणि "आई, तुम्ही एकट्या जाऊन या, इथे चुकायला काही नाही," असे म्हणून मला गाडीत बसवले. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चार बेसनाचे लाडू होते. साताऱ्याहून महाबळेश्वरला जातानासुद्धा डबा घेतल्याशिवाय माझे पाऊल उचलत नाही, तर स्वित्झर्लंडला का उचलावे?

लोझान सोडले की उजव्या हाताला सरोवर आणि डाव्या हाताला लाव्होच्या द्राक्षबागा सुरू होतात. डोंगराच्या उतारावर दगडी ताली घालून एकावर एक पट्ट्या काढलेल्या आहेत. त्या पाहून मला आमच्याकडच्या डोंगरउतारांवरची नाचणीची खाचरे आठवली, आणि आपण कुठेही गेलो तरी डोळे घरचेच घेऊन जातो याची थोडी लाजही वाटली. माँत्रोला उतरून मी बस घेतली नाही. तिथून किल्ल्यापर्यंत सरोवराच्या काठाकाठाने पाऊण तासाची फुलांनी सजवलेली पायवाट आहे. वाटेत गायक फ्रेडी मर्क्युरीचा हात उंचावलेला पुतळा लागतो. कोणीतरी त्याच्या पायाशी ताजा गुलाब ठेवला होता. पाचगणीत शिकलेला हा पोरगा इथे येऊन पुतळा झाला, हे पाहून मला उगीचच माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले. पाचगणी आमच्या जिल्ह्यातली.

किल्ला आधी दूरून दिसतो आणि मग बराच वेळ जवळ येत नाही. वळण घेतले की झाडांआड जातो, पुढच्या वळणावर पुन्हा निघतो, आणि प्रत्येक वेळी तो पाण्यावर तरंगत असल्यासारखा वाटतो. आपल्या डोळ्यांसमोर जलदुर्ग म्हटला की जंजिरा येतो, शिडाच्या होडीतून डुचमळत जाणे येते, दरवाजासमोर येईपर्यंत दरवाजाच न दिसणे येते. शियोंचे तसे काही नाही. किनाऱ्यापासून अगदी हाताच्या अंतरावर एक लांबट खडक आहे, त्या खडकावर तो बेतून बसवला आहे, आणि मधल्या चिंचोळ्या पाण्यावरून छपराचा एक लाकडी पूल जातो. पुलाच्या फळ्या पायाखाली वाजतात, आणि छपराखाली क्षणभर ओल्या लाकडाचा, आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर येई तसा वास येतो.

या किल्ल्याला दोन तोंडे आहेत. जमिनीकडचे तोंड रागीट आहे. अर्धगोल बुरूज, अरुंद जंग्या, कुठेही डोळा उघडा नाही. सरोवराकडच्या तोंडाला मात्र उंच कमानीच्या, नक्षीच्या खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीत समोरासमोर दोन दगडी बाकडी. शत्रू रस्त्याने येणार आणि सरोवर मात्र आपलेच, असा तेव्हा इथे राज्य करणाऱ्या साव्हॉय घराण्याच्या सरदारांचा हिशोब होता. तो बरीच शतके बरोबर ठरला. किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख 1150 मधला आहे आणि आज दिसणारे त्याचे रूप बरेचसे तेराव्या शतकात आले. इटलीतून आल्प्सची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड ओलांडून उत्तरेकडे जाणारा माल इथूनच जाई, कारण डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये वाटच एवढीशी उरते. थोडक्यात, हा घाटाच्या तोंडावरचा जकात नाका होता. घाटमाथ्यावर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आजही त्याच चिंचोळ्या पट्ट्यातून रेल्वे जाते, जुना रस्ता जातो, आणि वर डोंगराच्या कडेला खांबांवर उभा केलेला महामार्ग जातो. किल्ल्याच्या पहिल्या चौकात उभे राहिले की दर थोड्या वेळाने आगगाडीची धडधड भिंतीतून येते. जकात घेणारे गेले, वाहतूक मात्र थांबलेली नाही.

तळघरात उतरताना मी मनाची तयारी करून उतरले होते. अंधार असेल, कुबट वास असेल, वटवाघळे असतील. प्रत्यक्षात ते देवळासारखे निघाले. मधोमध खांबांची रांग, त्यांच्यावरून दोन्ही बाजूंना झेपावणाऱ्या कमानी, आणि एका अंगाला किल्ल्याचा मूळ खडक तसाच, न तासता भिंतीत घेतलेला. सरोवराच्या बाजूला उंचावर अरुंद फटी आहेत. पाण्यावर पडलेले ऊन त्या फटींतून आत येते आणि वर छतावर हलत राहते, हंडीतल्या पाण्याचा कवडसा भिंतीवर हलतो तसे. मी किती तरी वेळ मान वर करून ते पाहत होते. तुरुंग इतका सुंदर असू नये, असे मनात आले, आणि मग लक्षात आले की हे बांधणाऱ्यांनी तुरुंग म्हणून बांधलेच नसेल. धान्य, दारूची पिंपे, हत्यारे असे काहीबाही ठेवायची ती कोठारे. तिथल्या एका दालनात आजही किल्ल्याजवळच्या द्राक्षमळ्यातल्या वाइनची लाकडी पिंपे मांडून ठेवलेली आहेत आणि त्यांचा आंबूस-गोड वास दगडात मुरलेला आहे.

खांबांपैकी एकाला साखळी आहे. ती बोनिवारची म्हणून दाखवतात.

फ्रांस्वा बोनिवार हा जिनिव्हाजवळच्या एका मठाचा प्रमुख. साव्हॉयच्या ड्यूकविरुद्ध तो जिनिव्हा शहराच्या बाजूने उभा राहिला आणि 1530 मध्ये वाटेत पकडला गेला. पहिली दोन वर्षे त्याला बरे वागवले. पुढची चार वर्षे तो या तळघरात होता. 1536 मध्ये बर्नच्या सैन्याने किल्ला घेतला तेव्हा तो बाहेर आला. येरझाऱ्या घालायला आपल्याला इतकी सवड मिळाली की खालच्या खडकात एक लहानशी वाट उमटली, जणू कोणी हातोडीने ठोकून काढली असावी, असे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे. ते वाक्य माहीत असल्यामुळे मी खांबाभोवतीची फरशी चपलेच्या टाचेने चाचपून पाहिली. खोलगट काही लागले असे मला वाटले. पण त्या जागी गेल्या दोनशे वर्षांत माझ्यासारख्या किती जणांनी टाचा घासून पाहिल्या असतील, तेव्हा तो खोलगटपणा कैद्याचा की पर्यटकांचा, हे कोण सांगणार? मला बोनिवारचे पुढचे आयुष्य अधिक आवडले. सुटल्यावर तो चौतीस वर्षे जगला, जिनिव्हाचा इतिहास लिहिला, चार लग्ने केली आणि आपली पुस्तके शहराला देऊन टाकली. तुरुंगाने त्याला शोकात्म नायक केले नाही. ते काम दुसऱ्याने केले.

तो दुसरा म्हणजे इंग्रज कवी बायरन. 1816 च्या जूनमध्ये तो आणि त्याचा कवी मित्र शेली होडीतून हे सरोवर फिरत होते. एक अठ्ठावीस वर्षांचा, दुसरा तेवीसचा. आदल्या वर्षी तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या राखेने त्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. नुसता पाऊस आणि गारठा. किल्ला पाहून परतताना पावसाने दोघांना लोझानखालच्या ऊशी बंदरात अडकवून ठेवले, आणि तिथल्या खानावळीत बसून बायरनने शियोंच्या कैद्यावर दीर्घ कविता लिहिली. तिच्यातला कैदी भावांना डोळ्यांदेखत गमावतो. खऱ्या बोनिवारच्या बाबतीत असे काही घडले नव्हते. कविता लिहिताना आपल्याला बोनिवारची पुरेशी माहिती नव्हती, असे बायरनने स्वतःच कबूल केले आहे. पण कविता इतकी गाजली की त्यानंतर लोक बोनिवारचा खांब पाहायला येऊ लागले आणि येताना खिशात चाकू घेऊन येऊ लागले. तिसऱ्या खांबावर काचेच्या चौकटीत बायरन ही अक्षरे आहेत. ती त्यानेच कोरली याची खातरी कोणी देत नाही. त्या चौकटीच्या खाली, वर, बाजूला आणि शेजारच्या सगळ्या खांबांवर नावेच नावे आहेत, काही इतकी सुबक की कोरणाऱ्याने निदान तासभर तरी मोडला असणार. त्यांना काच नाही. लोक त्यांच्यावर हात टेकून बायरनच्या नावाचा फोटो काढतात. मीही काढला.

समजा, ती अक्षरे बायरनची नसतील, तर मग काचेआड काय आहे?

वरच्या मजल्यांवर मी जरा भराभर फिरले. दालने पुष्कळ आहेत, आणि ऐकण्याच्या यंत्रातला बाईचा आवाज प्रत्येक दालनात तितक्याच उत्साहाने बोलतो, त्याने दमायला होते. एका शयनगृहाच्या भिंतीवर चौदाव्या शतकातली चित्रे फिकट होऊन उरली आहेत. एखादा प्राणी दिसतो न दिसतो, मग ओल, मग पुन्हा एखादे शेपूट. मोठ्या दिवाणखान्यांतल्या चुली माझ्या स्वयंपाकघराएवढ्या. शौचकूपही पाहिला. लाकडी फळीला भोके, आणि भोकातून खाली थेट सरोवर. दोन जपानी मुली त्यात डोकावून हसत होत्या. मीही डोकावले. खूप खाली हिरवट पाणी खडकावर हळूच आपटत होते आणि त्यात बोटभर मासे एका जागी स्थिर पोहत होते.

किल्ल्याबाहेर काठावरच्या बाकावर बसून मी डबा उघडला. समोर पाणी, पलीकडे फ्रान्सचे डोंगर, आणि डाव्या हाताला, रोन नदी सरोवराला मिळते त्या खोऱ्यावर अजून बर्फ धरून असलेली शिखरे. दशमीचा पहिला घास घेतला आणि तो मुलगा परत आठवला. त्याच्या आईसारखेच माझ्या आईनेही मला कधी सांगितले होते का, की गडावर नाव लिहू नये? सांगितले असावे. न ऐकण्यासारख्या गोष्टी आमच्या घरी पुष्कळ सांगितल्या जात.

मी आठवीत होते. साताऱ्यात राहणाऱ्याला अजिंक्यतारा म्हणजे परसदार. शाळेने वनभोजनाला वर नेले होते. डबे खाऊन झाल्यावर मी आणि माझी मैत्रीण एका पडक्या भिंतीआड गेलो आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाने चुन्याच्या गिलाव्यावर दोघींची नावे कोरली. चुना वरून कडक होता, पण एकदा टवका उडाला की आतला भाग साखरेसारखा भुगभुगीत निघत असे. तो कर्रर्र आवाज दातांत शिरतो, तसा अजून शिरतो. आधी तिचे नाव, मग माझे, आणि खाली सन. मला त्याचे काडीचेही वाईट वाटले नाही. उलट आठवडाभर शाळेच्या पटांगणातून गडाकडे पाहताना, तिथे आपण आहोत, असा एक चोरटा आनंद होत असे. कर्कटकाचे टोक मात्र बोथट झाले, आणि भूमितीच्या तासाला वर्तुळ नीट येईना म्हणून बाईंच्या शिव्या खाल्ल्या.

पुढे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले. कोणी विचारले नाही, आणि मीही हसत हसत वाकून पाहिले, कारण तेव्हा ती गंमतच वाटायची. बायका म्हणाल्या, नाव छान ठेवलंय हो. ताट हलले, तांदूळ सरकले, अक्षरे गेली, पण नाव राहिले ते आजतागायत. रेशनकार्डावर तेच, पासपोर्टवर तेच. माहेरचे नाव आई गेल्यावर हाक मारायला कोणाच्या तोंडी उरले नाही. मैत्रिणीचेही तसेच झाले. ती बेळगावला दिली गेली आणि तिचे सासरचे नाव काय, हे मला कळायला दहा वर्षे लागली. मी एका शाळेच्या कार्यालयात तीस वर्षे जनरल रजिस्टर लिहिले. मुलींची नावे काळ्या शाईने लिहिताना कधी कधी मनात यायचे की या मुलीचे हे नाव पुढे फक्त या पानावर राहणार आहे. दाखला मागायला आलेली एखादी बाई आपले जुने नाव सांगताना अडखळायची, जणू कोणा दुसऱ्या मुलीबद्दल सांगत होती. मी रजिस्टर काढायची, बोट ठेवून ओळ शोधायची आणि म्हणायची, "ही बघा, तुम्ही इथे आहात."

माझे नाव मी एकदा शोधायला गेले होते. पन्नाशी उलटल्यावर, सकाळी फिरायला म्हणून एकटीच वर चढले. भिंत सापडली असे वाटले, पण गिलावा पडून गेला होता आणि राहिलेल्या जागेवर कोणीतरी लाल ऑइलपेंटने बाण मारलेला बदाम काढला होता. संताप आला. किल्ल्याची ही दशा करणारी माणसे कोण, म्हणून मी मोठ्याने पुटपुटले, आणि पुटपुटताना माझी बोटे बदामाच्या कडेचा गिलावा चाचपून पाहत होती. 'म' ची एखादी आडवी रेघ तरी लागावी म्हणून.

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव आहे, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. 'सेवेचे ठायी तत्पर' हे शब्द आपण शाळेत ऐकतो आणि पुढे भाषणांत ऐकून ऐकून ते गुळगुळीत करून टाकतो. मी पहिल्यांदा ती पायरी पाहिली तेव्हा पाय ठेवावा की ओलांडून जावे, हे मला ठरवता येईना, आणि मागून बाया ढकलत होत्या. ज्याने अख्खा गड उभा केला त्याने नावासाठी जागा निवडली ती देवळात येणाऱ्यांच्या तळव्यांखालची. ज्याचा एक दगडही इथे नाही, जो एका दुपारपुरता आला, त्याचे नाव तिकडे डोळ्यांच्या उंचीवर, काचेआड. त्या बाकावर बसून मला आधी हिरोजींचा फार अभिमान वाटला. मग वाटले, हा अभिमान फार स्वस्तात मिळतो आहे, कारण माझे स्वतःचे नाव मी पायरीवर कोरले नव्हते, चांगले डोळ्यांच्या उंचीवरच कोरले होते.

बोटीच्या धक्क्यावर ते मायलेक पुन्हा भेटले. मुलाच्या वडलांची तिकिटांशी झटापट चालली होती. या वेळी मी बोलले, आणि लाडूही पुढे केला. ते पुण्याचे निघाले. मुलाने लाडू दोन घासांत संपवला आणि बोटे चाटत पाण्याकडे पाहू लागला. का कोण जाणे, मी त्याला सांगून टाकले की लहानपणी मीही एका किल्ल्यावर नाव कोरले होते. त्याच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर माझ्या चांगली ओळखीची आहे. मुलांसमोर नको ते बोलणाऱ्या सासूकडे सुना तसे पाहतात.

"मग? आहे अजून?" मुलाने विचारले.

"नाही. शोधलं मी. सापडलं नाही."

त्याने गंभीरपणे मान हलवली. "काच लावायला हवी होती."

आईला हसू आवरेना, मलाही. बोट आली तेव्हा आम्ही तिघेही हसत होतो, आणि प्रश्न जिथे होता तिथेच होता. ती शंभर वर्षांहून जुनी वाफेची बोट होती, दोन बाजूंना चाके असलेली. मधल्या मजल्यावरून खाली तिचे यंत्र उघडे दिसते. पितळी नळ्या, चकाकणारे लोखंडी दांडे वर-खाली होताना येणारा कोमट तेलाचा वास. मुलगा त्या कठड्याला जो चिकटला तो त्यांचे उतरायचे ठिकाण येईपर्यंत हलला नाही.

त्या रात्री जेवणानंतर मी मुलाला किल्ल्याबद्दल आणखी काही शोधून दे म्हटले, आणि ते वाचताना मला झोप लागली नाही. 1348 मध्ये प्लेगने युरोप धुऊन निघत होता. ज्यूंनी पाण्यात विष कालवले अशी आवई उठली आणि आसपासच्या गावांतले ज्यू पकडून शियोंला आणले गेले. सप्टेंबरमध्ये तिथे त्यांचा छळ करून कबुलीजबाब घेतले. त्यांपैकी एक, बालाविग्नुस नावाचा, थोनों गावी राहणारा शल्यवैद्य. त्याला 'थोडा वेळ' यातना दिल्या, अशी नोंद दप्तरात आहे. मग त्याने सगळे कबूल केले. विष कुठून आले, कोणी आणले, कुठे टाकले. त्या जबाबांच्या नकला किल्लेदाराने स्ट्रासबुर्गच्या लोकांना पाठवल्या, आणि फेब्रुवारी 1349 मध्ये, प्लेग तिथे पोहोचण्याआधीच, त्या शहराने आपल्या ज्यूंना जाळले.

बालाविग्नुसचे नाव त्या खांबांपैकी एकाही खांबावर मी वाचले नाही. ते उरले ते कोणा कारकुनाने लिहिले म्हणून. नाव, धंदा, राहण्याचे ठिकाण, तारीख. माझ्या रजिस्टरातले रकाने साधारण हेच. तो कारकून कसा असेल, याचा मी अंधारात पडून विचार करत होते. अक्षर चांगले असेल. 'थोडा वेळ' हे शब्द त्याने आपल्या मनाने लिहिले, की कोणी सांगितले म्हणून? लिहिताना टाक अडखळला असेल का? मीही वरिष्ठांच्या सांगण्यावरून दोनदा-तीनदा रजिस्टरात तारखा बदलल्या आहेत. त्या कोणाच्या जिवावर उठणाऱ्या नव्हत्या, एवढेच. शेजारी ह्यांचे घोरणे चालू होते. खिडकीतून सरोवर दिसत नव्हते, नुसता त्याच्या पलीकडचा दिव्यांचा एक पट्टा दिसत होता.

चार दिवसांनी ह्यांचे गुडघे जरा शहाणे झाले, तेव्हा संध्याकाळी मी त्यांना मेट्रोने ऊशीच्या धक्क्यावर नेले. बायरनने ज्या ठिकाणी ती कविता लिहिली, तिथल्या हॉटेलाच्या भिंतीवर तसे सांगणारी पाटी आहे. मी ह्यांना ती दाखवली आणि आम्ही पाण्याकडे तोंड करून बाकावर बसलो. कार्यालये सुटण्याची वेळ होती. लोझानला कामाला येणारी पलीकडच्या फ्रेंच गावांतली माणसे परतीच्या बोटीसाठी रांगेत उभी राहू लागली. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, हातात पावाची लांब पुंगळी, कानात इअरफोन. एक बाई उभ्या उभ्या पादत्राणे बदलत होती, टाचांचे काढून सपाटीचे घालत होती. रांग आमच्या लोकलच्या रांगेपेक्षा बरीच शांत होती, पण चेहरे तेच, दिवस संपलेले.

हे धक्क्यावरच्या बोटीच्या पाटीवरची अक्षरे एकेक लावून वाचत होते. "थो-नो-न," ते म्हणाले. "तिथं काय आहे?"

"थोनों म्हणायचं," मी म्हणाले. "तिथले एक डॉक्टर होते."

"आपल्या ओळखीचे?"

उत्तर काय द्यावे ते मी ठरवत होते, तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला आणि रांग पुढे सरकू लागली.